ट्रॅक्टर ओढत नाही: पंप-नोझलचं काम काढावं की इंजिन खोलावं?

ऐन नांगरटीत ट्रॅक्टर ओढेनासा झाला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक फिटर म्हणतो, पंप-नोझल (सिलिंडरमध्ये दाबाने डिझेल फवारणारे भाग) करून घ्या. दुसरा म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन करा. पंप-नोझल काढून टेस्ट बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) नेले तर काम थोडक्या दिवसांत उरकतं. हाफ इंजिनाला मात्र हेड आणि संप (तळाचं ऑइलचं भांडं) उतरतो, लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट असं सगळं येतं आणि हंगाम हातचा जातो. माझं मत ठाम आहे: नुसता धूर बघून यातलं काहीही खोलू देऊ नका.

दोन्हींच्या आधी हवा आणि डिझेल येण्याचा मार्ग मोकळा आहे का, ते तपासा. लोडवर काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. रोटाव्हेटर चालवणाऱ्या ट्रॅक्टरचा ऑइलबाथ एअर क्लीनर (ऑइलच्या वाटीतून हवा गाळणारा) धुळीने लवकर भरतो. वाटीत गाळ साचला असेल तर धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल भरा. धूर न काढता ट्रॅक्टर दमत असेल, तर डिझेल फिल्टर, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) जाळी, टाकीतलं पाणी आणि टाकीच्या झाकणाचं भोक तपासा. भोक बुजलं की थोडा वेळ चालून इंजिन मरतं आणि झाकण सैल केलं की पुन्हा चालतं. हे करण्याआधी पंप उतरवणं मला मान्य नाही.

आता दोन्हींची लक्षणं शेजारी ठेवू. नोझल खराब असेल तर डिझेलचा फवारा न होता थेंब पडतात. इंजिन ठोकतं, एखादा सिलिंडर मिस मारतो, काळा किंवा डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो, पण ऑइल फारसं कमी होत नाही. रिंगा-लायनर झिजले असतील तर निळसर धूर येतो, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात वाफ निघते, ऑइल वारंवार घालावं लागतं. सकाळी चालू व्हायला त्रास दोन्हींत होतो, म्हणून त्या एका लक्षणावर कौल देऊ नका. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर संशय हेड गॅस्केटवर किंवा हेडवर जातो. तिथे पंपाचा काही संबंध नाही.

खरा निवाडा एका साध्या चाचणीत होतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरवर, स्लो रेसला (इंजिन मंद चालू ठेवून), फिटर एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करतो. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय. बदलला नाही तर दोष तिथेच. मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरचा नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल नक्की. तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावा: रीडिंग बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर इंजिनचं काम, ठीक असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) बघून पंप बेंचवर न्या. नोझल बसवताना तांब्याचा वॉशर नवा घाला, जुना तळाशी राहिलेला नाही ना, ते बघा.

हात मात्र जपा. नोझल मॉडेलप्रमाणे साधारण 150 ते 250 बारच्या दाबाला उघडतो. तो फवारा कातडीत शिरतो. आणि 50 एचपीवरच्या, 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या ट्रेम-4 या प्रदूषण नियमातल्या कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या नोझलना फार जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) ट्रॅक्टरवर ही नट सैल करण्याची चाचणी कधीच करू नका. तिथे दाब कितीतरी पटींनी जास्त असतो. स्कॅनर (इंजिनातले दोष वाचणारं यंत्र) असलेल्या ठिकाणीच न्या.

पंपाचं सील तोडून डिझेल वाढवणं हा तिसरा मार्ग कुणी सुचवला तर नकार द्या. चार दिवस ओढ वाढते, मग इंजिन तापतं आणि पिस्टन जातात.

नुसतं ऑइल जरा जास्त खात असेल, तर रोज डिपस्टिक बघत हंगाम काढता येतो. पण डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर त्याच दिवशी थांबवा. फीड पंप, पंपाची सीलं आणि नोझल तपासून ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.