६१ बटणांचा कीबोर्ड: वस्तू झकास, पण लेयर्सची शिकवणी आपली आपणच घ्यायची

छोटा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा म्हटलं की सगळे स्विच लाल की ब्राउन, आवाज किती येतो, कीकॅप पीबीटी (टिकाऊ प्लास्टिक) आहेत का यावरच बोलत बसतात. पण ६० टक्केवाल्यात, म्हणजे पूर्ण कीबोर्डच्या साधारण ६० टक्के आकाराच्या या ६१ बटणांच्या बोर्डात, एफ-रो (एफ १ ते एफ १२ ची रांग) नाही, बाण नाहीत, होम-एन्ड-डिलीट नाही, मग ती कामं करायची कशी, हे कुणी धड सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू फक्त कीबोर्डच्या प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे कुठल्या बटणाने काय करायचं ते ठरवण्याच्या बाजूचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण असे ढीगभर बोर्ड मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात तेच क्यूएमके फर्मवेअर (कीबोर्डच्या आत चालणारा प्रोग्रॅम) असतं, वरून सेटिंग बदलायला व्हाया नावाचं सॉफ्टवेअर.

बॉक्समध्ये जे मॅन्युअल येतं त्याबद्दल एवढंच सांगतो की घडी घातलेला एक कागद, मुंगीएवढी अक्षरं, आणि त्यात कुठल्या कीसोबत एफएन (दुसरी कामं चालू करणारं बटण) दाबलं की काय होतं याचा तक्ता. लेयर म्हणजे काय याची एक ओळ नाही. तो ड्रॉवरमध्ये टाका आणि थेट व्हाया उघडा. ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायला लागत नाही, फक्त क्रोम किंवा एज लागेल कारण ते वेबएचआयडीवर (ब्राउझरला थेट कीबोर्डशी बोलू देणारी सोय) चालतं आणि फायरफॉक्स, सफारीमध्ये ते नाहीये. कीबोर्डचं चित्र दिसतं, एक की क्लिक करायची, खालून काय हवं ते निवडायचं, झालं. सेव्हचं बटण शोधत बसू नका, बदल तिथल्या तिथे कीबोर्डच्या मेमरीत जातो. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच आहे की सेटिंग कॉम्प्युटरमध्ये नसतंच, बोर्ड उचलून दुसऱ्या मशीनला लावला, ऑफिसचा लॉक केलेला लॅपटॉप असला तरी, सगळं जसंच्या तसं चालतं.

आता लेयर्स, म्हणजे त्याच बटणांना दिलेल्या कामांचे एकावर एक थर. व्हायामध्ये साधारण ४ मिळतात आणि मोजणी ० पासून. ० म्हणजे रोजचं टायपिंग, आणि एमओ १ नावाची की दाबून धरली की तेवढ्यापुरती सगळी बटणं १ नंबरच्या लेयरवरचं काम करतात, सोडली की परत मूळपदावर. टीजी म्हणजे एकदा दाबलं की लेयर चालू, परत दाबलं की बंद. टीओ म्हणजे सरळ त्या लेयरवर मुक्कामच, आणि तिथून परत यायची की आधी ठेवली नसेल तर अडकलात, म्हणून सुरुवातीला फक्त एमओ वापरा, बाकीच्यांकडे बघू पण नका. वरच्या लेयरवर उलट्या त्रिकोणाच्या खुणेच्या कीज दिसतील, त्या पारदर्शक, म्हणजे खालच्या लेयरवर जे असेल तेच चालणार. ती खूण राहू द्या, उगाच रिकामी की टाकली तर ते बटण तिथे मुकंच होतं.

आणि इथे कंपनीवाल्यांवर माझा खरा राग आहे. एफएन दिलंय उजवीकडे खाली कोपऱ्यात आणि बाण पण उजव्याच हाताखाली, म्हणजे एकाच हाताने कोपऱ्यातलं बटण धरायचं आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी बाण दाबायचे! तुम्हीच करून बघा पाच मिनिटं. हे डिझाइन करणाऱ्याने स्वतः कधी त्यावर एक पान तरी टाइप केलं असेल का, देव जाणे. उपाय सोपा आहे. कॅप्सलॉकच्या जागी एमओ १ टाका. तसाही कॅप्सलॉक दिवसातून कितीदा लागतो? डाव्या करंगळीने तो धरायचा, उजवा हात जिथे आहे तिथेच, आणि आय-जे-के-एल वर बाण. यू आणि ओ वर होम-एन्ड, एच वर बॅकस्पेस, एन वर डिलीट. वरच्या नंबरांच्या रांगेवर एफ १ ते एफ १२, ते बहुतेक बोर्डांवर आधीच असतं. एवढा एक बदल केला आणि बाकी काहीच नाही केलं तरी बोर्ड वापरण्यालायक होतो, खरं तर मोठ्या कीबोर्डपेक्षा बरा होतो कारण बाणांसाठी हात उचलून लांब न्यावा लागत नाही.

सॉफ्टवेअरचं काम अर्ध्या तासाचं आहे, वेळ खातो तो हात. डोक्याला माहीत असतं की डिलीट एन वर आहे पण बोट जुन्या जागीच हवेत जातं. म्हणून एका दिवशी सगळा नकाशा बदलायच्या भानगडीत पडू नका. आधी फक्त बाण, ते न बघता जमले की होम-एन्ड, मग बाकीचं. आणि एकदा ठरवलेली जागा सारखी हलवायची नाही. यूट्यूबवर लोकांचे रंगीबेरंगी लेआउट बघून रोज नवीन काहीतरी करायचा मोह होतो, तो आवरा.

पुढची पायरी म्हणजे मॉड-टॅप आणि लेयर-टॅप, एकच की टिचकी मारली तर एक आणि दाबून धरली तर दुसरं. ऐकायला भारी वाटतं आणि आहेच भारी, कॅप्सलॉकच्या जागी टिचकीला एस्केप आणि धरल्यावर लेयर १ हे तर मी सगळ्यांनाच सुचवेन. पण स्पेसबारवर लेयर-टॅप ठेवाल तर सांभाळून. क्यूएमकेमध्ये टिचकी की धरणं हे ठरवायची मुदत मुळात २०० मिलिसेकंद असते, आणि स्पेस उमटतो तो बोट उचलल्यावर, दाबल्यावर नाही, त्यामुळे जोरात टाइप करणाऱ्याला काहीतरी मागे पडतंय असं सतत जाणवतं. अंगठा जरा रेंगाळला की पुढच्या अक्षराऐवजी बाण जातो. ही मुदत बदलायची सोय व्हायामध्ये सहसा नसते, व्हायल नावाच्या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिळते, टॅप-डान्स (एकदा-दोनदा टिचकीला वेगळी कामं) आणि कॉम्बो (दोन कीज एकत्र दाबून तिसरं काम) पण तिथेच, पण त्यासाठी बोर्डावर फर्मवेअर व्हायलचं लागतं. घ्यायच्या आधी हे विचारून घ्या.

मॅक्रो, म्हणजे एका बटणावर साठवलेला अख्खा मजकूर किंवा बटणांचा क्रम, साधारण १६ ठेवता येतात. इथे मराठी टायपिंगवाल्यांसाठी एक गंमत. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कुठलं बटण दाबलं तेवढंच पाठवतो, अक्षर कुठलं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे इनस्क्रिप्टला (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) वेगळं काही करावं लागत नाही, लगेच चालतं. पण ईमेलच्या शेवटी रिगार्ड्स लिहिणारा इंग्रजी मॅक्रो इनस्क्रिप्ट चालू असताना दाबलात तर आधी एक ई आणि मग नुसत्या काना-मात्रा-उकारांची रांग उमटते, कारण त्या शब्दातल्या प्रत्येक बटणावर नेमकी मात्राच बसलीये (आणि डी वर हलन्त!). हसू येतं पण क्लायंटला गेलं तर नाही येणार. आणि पासवर्ड मॅक्रोमध्ये ठेवू नका, नोटपॅड उघडून ते बटण दाबणाऱ्या कुणालाही तो दिसेल.

अजून एक बारीक खोच. बऱ्याच ६० टक्केवाल्यांमध्ये एस्केप आणि बॅकटिक-टिल्डा (` आणि ~ या खुणा) एकाच बटणावर असतात, शिफ्टबरोबर टिल्डा उमटते. म्हणून विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडत नाही आणि माणूस बोर्ड बिघडला समजतो. तिथे साधा एस्केप टाका आणि बॅकटिक लेयर १ वर न्या.

मनासारखं जमलं की व्हायामधून लेआउटची फाइल सेव्ह करून ठेवा. एस्केप धरून केबल लावली की बऱ्याच बोर्डांची मेमरी पुसली जाते, अडकल्यावर सुटायला ते चांगलं पण फाइल नसेल तर सगळं परत हाताने.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो त्या एफएनच्या जागेसाठी आणि कागदासाठी. लिहिण्याचं काम, कोडिंग, टर्मिनल असेल तर बिनधास्त घ्या. दिवसभर एक्सेलमध्ये आकडे भरत असाल तर नका घेऊ, नमपॅड लेयरवर बनवता येतो पण तिरक्या रांगांवर तो वेग येत नाही. आणि डीबगरमध्ये (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) एफ १०, एफ ११ सारखं दाबावं लागत असेल तर ७५ टक्केवाला बघा, त्यात एफ-रो आणि बाण दोन्ही असतात आणि व्हाया चालणारे बरेच मिळतात.