चिंगीसह मळ्यावरचे जेवण : गिरणारे रस्त्यावरील एका भोजनालयाचा अनुभव

आमची चिंगी ही नऊ वर्षांची गावठी कुत्री आहे आणि या वयात तिला दिवसभर घरी एकटे ठेवून बाहेर जेवायला जाणे आम्हाला जमत नाही. मागे शहरातील एका हॉटेलने ‘कुत्रा चालेल’ असे फोनवर सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र तिला भर दुपारी गाड्यांच्या जागेत बांधून ठेवण्यास सांगण्यात आले आणि आम्ही न जेवताच परतलो. त्यामुळे नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या मळ्यातील भोजनालयाविषयी ऐकले, तेव्हा फारशी आशा नव्हती. दोन महिन्यांत तिथे तीनदा जाऊन आल्यानंतर मात्र सविस्तर लिहावेसे वाटले.

कुत्र्यांसह येणाऱ्यांसाठी आंब्याच्या दोन जुन्या झाडांखाली बाजा आणि लाकडी टेबले मांडलेली आहेत. इतरांची बैठक पलीकडे शेडमध्ये आहे, त्यामुळे ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांनाही निवांत जेवता येते. झाडांखालची जमीन शेणाने सारवलेली असते आणि भोवतालच्या मातीवर सकाळीच पाणी शिंपडलेले असते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो, म्हणून तापलेल्या फरशीऐवजी मिळणारी ही ओलसर माती त्याच्यासाठी मोठीच सोय आहे. चिंगीने तर पोहोचताच बाजेजवळची माती उकरून त्यात पोट टेकवले. पाण्यासाठी मातीची परळे ठेवलेली आहेत आणि त्यांतील पाणी न सांगता बदलले जाते.

मला सर्वांत भावली ती इथल्या माणसांची जाण. मळ्याला लागूनच द्राक्षबाग आहे, परंतु मधे जाळी लावून कुत्र्यांना तिकडे जाण्यास पूर्ण मज्जाव केला आहे. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे पशुवैद्यकांचे मत आहे. किती खाल्ले तर बाधेल याचा नेम नसल्यामुळे एक मणीही देऊ नये, हेच बरे. शिवाय बागेवर बोर्डो मिश्रणासारख्या (मोरचूद-चुन्याच्या) बुरशीनाशक फवारण्या होत असतात. हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येणाऱ्या आपल्या नाशिकमध्ये ही गोष्ट प्रत्येक कुत्रेवाल्या घराला ठाऊक असायला हवी. ताट ठेवताना वाढणारा मुलगाही आवर्जून म्हणाला, “ताई, तिला रश्शातला पाव देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. तिच्यासाठी बिनमिठाचं चिकन उकडून आणतो.” आणि त्याने ते खरोखरच हाडे काढून, निववून आणले. मालकांच्या आई चांदनपुरीच्या खंडोबाच्या भक्त आहेत. “खंडोबाचं कुत्रं आहे, दारातून उपाशी कसं जाईल?” असे म्हणत त्यांनी चिंगीपुढे भाकरीचा कोरडा तुकडा ठेवला.

आता माणसांच्या जेवणाविषयी. चुलीवरची मिसळ ही इथली मुख्य ओळख आहे. कांदा आणि सुके खोबरे जवळजवळ काळे होईपर्यंत भाजून, खड्या मसाल्यांसह वाटल्यावर काळ्या मसाल्याला जो खमंग, किंचित कडवट गंध येतो, तो या रश्शात पहिल्या घोटातच जाणवतो. मटकी शिजलेली, पण दाणा शाबूत. तर्री वेगळ्या वाटीत, त्यामुळे तिखट किती घ्यायचे हे आपल्या हाती राहते. सोबत दही, भाजलेला पापड आणि जिलेबी मिळते. जिलेबी तिन्ही वेळा गार आणि चिवट होती, तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

मिसळीपेक्षाही मी पुन्हा जाईन ती नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाच्या भुज्यासाठी. पेठ-सुरगाण्याकडचा हा पदार्थ शहरातील हॉटेलांत क्वचितच दिसतो. इथे सालासकट भाजलेले उडीद जाडसर भरडून, लसूण-मिरचीच्या फोडणीत दाट शिजवतात. नागलीची भाकरी गार झाली की कडक होते, म्हणून ती एकेक करून तव्यावरून थेट ताटात येते आणि त्यासाठी थांबणे रास्तच वाटते. वरून कच्चे तेल आणि ठेचा घेतला की दुसऱ्या भाजीची आठवण होत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. रविवारी अकरानंतर पाऊण तास थांबावे लागते आणि तेवढ्या वेळात गाडी उन्हातच उभी राहते. कुत्र्याला तिच्यात क्षणभरही ठेवू नये. दुसऱ्या भेटीत एका पाहुण्याने आपला मोठा कुत्रा मोकळा सोडला होता. मालकांनी नम्रपणे पट्टा लावण्यास सांगितले खरे, पण तो नियम प्रवेशापाशीच बजावला जावा आणि लसीकरणाची विचारणाही तिथेच व्हावी, असे मी त्यांना सुचवले आहे. चिंगीसारखे वयस्क कुत्रे सोबत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, नऊच्या सुमारास जावे. तेव्हा आंब्याखालची कोपऱ्यातली बाज बहुधा रिकामी असते. नागलीची भाकरी मात्र बारापासूनच मिळते.