दार्जिलिंगचं पद्मजा नायडू झू : रेड पांडासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा

मे महिन्यात आई, मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा दार्जिलिंगला जाऊन आलो, तेव्हाच ठरवलं होतं की या झूबद्दल नीट लिहायचं, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक तिथे जातात आणि न बघताच परत येतात. आमचंही पहिल्या दिवशी तेच झालं. टूरवाल्यांनी 'सेव्हन पॉइंट'मध्ये (एका फेरीत सात ठिकाणं दाखवतात ती टूर) झूला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा तर गेटपासूनचा चढ चढण्यातच गेली (आईचे गुडघे, काय करणार), रेड पांडाच्या जाळीपाशी पोचलो तर समोर पन्नास माणसं, मागून कोणीतरी शिट्ट्या मारतंय, आणि आम्हाला दिसली ती फक्त फांदीवरून लोंबणारी पट्ट्यापट्ट्यांची शेपूट. मुलगा रडवेला झाला. मग दुसऱ्या दिवशीचं सगळं कॅन्सल केलं आणि सकाळी झू उघडायच्या वेळेलाच जाऊन उभे राहिलो, आणि तो आमच्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला दिवस ठरला.

सकाळी का, तर हा प्राणी पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतो, दुपारी झाडावर शेपूट तोंडावर ओढून झोपलेला असतो. आम्ही गेलो तेव्हा धुकं होतं, गर्दी अजिबात नाही, आणि एक पांडा खाली बसून बांबू खात होता, आमच्यापासून जेमतेम दहा-बारा फुटांवर. मागच्या पायांवर बसलेला, एका हातात डहाळी धरलेली, आणि एकेक पान तोंडाच्या कडेला नेऊन कराकरा चावत होता, घाई नाही काही नाही. हातात धरलेली म्हणते ती खरंच धरलेली, कारण त्याच्या मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालेलं असतं, त्याने तो डहाळी पकडतो. पावलांच्या तळव्यांनाही केस होते. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या भीमाशंकरच्या शेकरूच्या रंगाचा!" आणि खरंच तसाच तांबूस रंग. शेकरू आपला राज्यप्राणी, हा शेजारच्या सिक्कीमचा. पोट आणि पाय मात्र काळे कुळकुळीत, म्हणजे खालून बघितलं तर झाडाच्या सावलीत दिसायचाच नाही, आणि वरचा रंग इथल्या झाडांवरच्या लालसर शेवाळात मिसळून जातो.

तिथल्या एका कर्मचारी दादांशी आईच्या तोडक्यामोडक्या हिंदीत गप्पा झाल्या. ते त्याला 'हाब्रे' म्हणत होते, नेपाळीतलं नाव. बांबूला 'मालिंगो'. या मालिंगोतून पोट भरायला त्याला दिवसाचे कितीतरी तास खात राहावं लागतं, कारण खातो त्यातला जेमतेम पाव हिस्सा अंगी लागतो, बाकी सगळं बाहेर. पोटाची रचना मांसाहारी प्राण्याची आणि जेवण गवताचं, म्हणून हा असा संथ, शक्ती वाचवत जगणारा. अस्वल नाही आणि मांजरही नाही, त्याचं कुळच स्वतंत्र आहे. आणि 'पांडा' हे नाव मुळात याचंच बरं का, याची शास्त्रीय नोंद १८२५ ची, तो काळा-पांढरा मोठा पांडा शास्त्रज्ञांना १८६९ मध्ये माहीत झाला. मुलाला ही गोष्ट इतकी आवडली की तो दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला.

पण मला हे सगळं लिहायचंय ते वेगळ्या कारणासाठी. हे झू १९५८ मध्ये सुरू झालं, सात हजार फुटांवर आहे, आणि इथे ठेवलेले प्राणी याच थंड हवेतले, हिमबिबट्या, हिमालयन लांडगा वगैरे. रेड पांडाला उन्हाळा सोसत नाही, त्यामुळे त्याला ठेवायला ही जागा खरंच योग्य. आणि जे आपण बघतो ते फक्त पुढचं दालन आहे. टॉपकेदारा नावाच्या ठिकाणी यांचं प्रजनन केंद्र आहे, तिथे पर्यटकांना सोडत नाहीत आणि ते अगदी बरोबर आहे. २००३ मध्ये झूमध्येच जन्मलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या जवळच्या सिंगालीला नॅशनल पार्कच्या जंगलात सोडल्या होत्या, गळ्यात रेडिओ कॉलर घालून. मिनीला एका शिकारी प्राण्याने मारलं. स्वीटी मात्र टिकली, जंगलातल्या नराशी जुळली आणि तिला पिल्लूही झालं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, खरंच. माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं जनावर, आणि झाडाच्या ढोलीत पिल्लू वाढवायला स्वतःची स्वतः शिकली. २०२२ मध्ये पाच वर्षांत साधारण वीस पांडा सोडायची योजना जाहीर झाली, म्हणजे हे काम थांबलेलं नाही.

गरज किती आहे ते बघा. जगात जंगलात मिळून दहा हजारांपेक्षा कमी उरलेत असं मानतात, भारत, नेपाळ, भूतान, म्यानमार आणि चीन एवढ्याच पट्ट्यात, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत हा 'धोक्यात' या वर्गात आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. शिकार, फासे, जंगलतोड हे तर आहेच, पण मला नवीन कळलं ते कुत्र्यांचं. गुराख्यांची आणि मोकाट कुत्री जंगलात फिरतात, पांडाचा पाठलाग करतात, आणि त्यांच्यापासून डिस्टेंपर नावाचा रोग लागला तर पांडा वाचणं अवघड. आपल्याकडून संदकफूला ट्रेकला जाणारे किती ग्रुप वाटेत कुत्र्यांना बिस्किटं घालतात, ती कुत्री मग ग्रुपच्या मागे मागे थेट सिंगालीला पार्कमध्ये. प्लीज नका करू.

आता झूबद्दल. चढ आहे, ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर वेळ हातात ठेवा, मध्ये बाकं आहेत. गुरुवारी बंद असतं. तिकिटातच शेजारच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचं म्युझियम बघता येतं, तेनझिंग नोर्गे यांची समाधी तिथेच आहे, तेही सोडू नका. आवाज करू नका आणि काही खायला टाकू नका, हे पाट्यांवर लिहिलंय तरी लोक करतात, त्या दिवशी एका काकांना आईनेच हटकलं. जून-जुलैमध्ये पिल्लांचा काळ असतो, तेव्हा तर शांतता जास्तच हवी.

माझ्याकडून ५ पैकी ५. निघायच्या आधी पांडा झाडावर गेला होता, मग डोकं खाली करून सरळ उतरला, घोटे वळवून, जसं काही जिना उतरतोय. मुलगा एक शब्द बोलला नाही, फक्त माझा हात घट्ट धरून ठेवला.