डब्लिनच्या म्युझियममधली दलदलीतली माणसं: एका चपलवाल्याचा अभिप्राय

मुलगी डब्लिनला असते, म्हणून आलोय. जावयांनी विचारलं, "बाबा, कुठं जायचं?" म्हटलं, तिकीट नसेल तिथं. किल्डेर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयाला तिकीट नाही. तरी पहिला हेलपाटा फुकट गेला. सोमवारी सकाळी दहाला दारात हजर, आणि रविवार-सोमवार ते उघडतं दुपारी एकला. चूक आमची, वेळ बघून निघायचं.

खाली सोन्याचं दालन आहे, बायकोनं तिथंच मुक्काम ठोकला. मी गेलो 'किंगशिप अँड सॅक्रिफाइस'मध्ये, म्हणजे राजेपद आणि बळी. दलदलीत सापडलेले जुन्या काळचे मानवी देह इथं ठेवलेत. उजेड मंद. प्रत्येक माणसाभोवती गोल भिंत, आत वळल्याशिवाय काही दिसत नाही. ही मांडणी फार आवडली. बघायचं नसेल तर बाहेरूनच पुढं सरकता येतं, सात वर्षांच्या नातवाला जावयांनी तसंच नेलं.

आमचं कोल्हापुरी चपलांचं काम, तिसरी पिढी. त्यामुळं नजर आधी कातडीवर गेली. दोन हजारांहून जास्त वर्षांची कातडी, आणि रंग बाभळीची साल नि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा! बोटांच्या सुरकुत्यासुद्धा शाबूत. आम्हाला साल लागते, हौद लागतो, राबणारी माणसं लागतात. इथं सगळं दलदलीनं केलंय. स्फॅग्नम नावाचं शेवाळ पाणी आंबट करतं, त्याच्यातलंच एक द्रव्य कातडी कमावतं. वर थंडी, आणि पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून कुजवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. हाडांतला चुना मात्र ते आम्ल खाऊन टाकतं. आम्ही कातडीवरचे केस काढायला चुना लावतो. इथं चुना गेला, केस राहिले.

आणि केस कसे! क्लोनीकॅव्हनचा माणूस २००३ साली मीथ परगण्यात पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, काढताना यंत्रात सापडला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण केस वर चढवून बसवलेले. त्यांना वनस्पतीचं तेल आणि पाइनची राळ लावलेली, आणि ती राळ फ्रान्स किंवा स्पेनकडची. एवढा नट्टापट्टा, आणि त्याच डोक्यात कुऱ्हाडीचे घाव.

त्याच वर्षी ऑफली परगण्यात चर खणताना दुसरा मिळाला, ओल्ड क्रोहन. याला डोकं नाही, कमरेखालचं काही नाही. नुसतं धड आणि हात. हातांच्या मापावरून उंची सव्वासहा फुटांच्या वर काढलीय. नखं नीटनेटकी. माझ्या अंगठ्याला आरीनं पडलेले घट्टे आहेत, याचे हात बघून लगेच कळतं की हा कष्टाचा माणूस नव्हे. दोन्ही दंडांना भोकं पाडून त्यातून हेझल नावाच्या झाडाच्या डहाळ्यांचे पीळ ओवलेले. स्तनाग्रं कापलेली. संग्रहालयाचे माजी पुरातत्त्वज्ञ एमन केली यांचं म्हणणं, हे राजे किंवा गादीचे दावेदार असावेत. राजाचं स्तनाग्र चोखणं ही शरण जाण्याची रीत होती, ते कापलं की माणूस गादीला नालायक. शिवाय हे देह जुन्या राज्यांच्या शिवेवर पुरलेले. मला पटलं, पण तर्क तो तर्कच.

जाता जाता दलदलीत पुरलेलं लोणीही बघा, लाकडी भांड्यात. बायको म्हणाली, कढवलं असतं तर पुरायची पाळी आली नसती.

पैसा वसूल म्हणावं तर पैसाच लागला नाही. अर्धा दिवस ठेवा.

माझा मात्र एक हिशेब राहिलाय. ओल्ड क्रोहनच्या डाव्या दंडावर चामड्याचा कडा आहे, वेणी घातलेला, त्याला धातूच्या पट्ट्या. आम्ही चपलेवर घालतो तशीच वेणी. किती पदरी ते मोजायला वाकलो, तर जवळचा चष्मा घरी राहिलेला. काचेला नाक लावून तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा वेगळा. शनिवारी परत जातोय.