शूबर्टच्या गाण्यांचा २१ सीडींचा संच : काही महिने ऐकल्यानंतर

संगीतकार फ्रान्झ शूबर्ट, जर्मन गायक डीट्रिश फिशर-डीस्काउचा आवाज, जेराल्ड मूरचा पियानो, चारशेहून अधिक गाणी. १९६६ ते १९७२ या काळातलं हे ध्वनिमुद्रण काही महिने जवळजवळ रोज ऐकतोय. सगळा संच ऐकून झाला, तरी हात वळतो तो त्यातल्या मोजक्या काळोख्या गाण्यांकडे. त्यांच्याबद्दलच लिहितो.

सुरुवात 'एर्लक्योनिग'पासून करा. कविता जर्मन कवी गटेची, १७८२ची. शूबर्टने चाल बांधली १८१५मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. वादळी रात्री घोडा दामटत निघालेला बाप, कवेत मुलगा, आणि फक्त मुलालाच दिसणारा भुतांचा राजा, म्हणजेच एर्लक्योनिग. निवेदक धरून पात्रं चार, गायक एकच. पियानोचा उजवा हात एकाच स्वरावर टापा वाजवत राहतो, दम घेऊ देत नाही.

पण राजा बोलू लागला की टापा हलक्या होतात आणि सूर चक्क मेजरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या उजळ स्वरचौकटीत जातो. "ये ना, छान छान खेळ खेळू, किनाऱ्यावर रंगीबेरंगी फुलं आहेत." फिशर-डीस्काउ हे आवाज बारीक करून, लाडीगोडी लावत गातो. मुलाची "बाबा, बाबा" ही हाक मात्र दर खेपेला आणखी वर चढते आणि साथीच्या सुरांना खरवडत जाते. बाप समजूत घालतो : धुकं आहे रे, वाळलेली पानं सळसळताहेत. तिसऱ्यांदा राजा गोडच सुरुवात करतो आणि 'नाही आलास तर जबरदस्ती करीन' म्हणताना मायनरमध्ये, म्हणजे उदास स्वरचौकटीत कोसळतो. तिथे मला अजूनही दचकायला होतं.

या गाण्यांची खरी ताकद इथेच आहे असं माझं ठाम मत झालंय : सगळ्यांत गोड सूर अंधाराच्या वाट्याला येतो, आणि धाप लागते ती जिवंत माणसाला. कवी क्लाउडिउसच्या कवितेवरचं 'मृत्यू आणि मुलगी' (१८१७) ऐका. मुलगी घाबरून, तुटक श्वासात विनवते. मृत्यू जवळजवळ एकाच स्वरावर उत्तर देतो, मी मित्र आहे, शिक्षा करायला आलेलो नाही, आणि गाणं मेजरमध्ये संपतं.

कवी हाइनेच्या 'डॉपेलगेंगर'मध्ये (म्हणजे आपलंच प्रतिरूप) समोरची शक्ती बाहेरची उरतच नाही. जुन्या प्रेयसीच्या घरासमोर कुणीतरी हात पिळत उभा आहे, आणि चांदण्यात दिसतो तो स्वतःचाच चेहरा. पियानोत चार स्वरांची एक आकृती पुन्हा पुन्हा येते, गायक बराच वेळ एका स्वराभोवती घुटमळतो. मूर तिथे इतक्या संयमाने वाजवतो की त्याच्यासाठीही हे गाणं वेगळं ऐकावं. शूबर्टने हे १८२८मध्ये लिहिलं. त्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, तो गेला.

लोकलमध्ये इयरफोन लावून ऐकायचा हा ऐवज नाही. दबक्या जागा गोंगाटात बुडतात. कवितेचा अर्थ आधी वाचून घ्या. अशी गाणी लागोपाठ ऐकू नका, दोनानंतर कान बोथट होतात.

उणिवा आहेत. काही ठिकाणी गायक व्यंजनांवर गरजेपेक्षा जास्त जोर देतो. दुसरी उणीव मोठी : स्त्रीच्या तोंडची म्हणून लिहिलेली गाणी त्याने संचात घेतलेली नाहीत, त्यामुळे गटेच्या 'फाउस्ट' नाटकातल्या, चरख्यावर बसलेल्या ग्रेटशेनचं १८१४चं गाणं इथे मिळणार नाही. ते एखाद्या चांगल्या गायिकेच्या आवाजात वेगळं मागवा, संच घेतलात तरी.