चार्जर बदलायचा, जॅक की मदरबोर्ड?

लॅपटॉप बॅटरीवर नीट चालतो, चार्जर लावला की ढिम्म. चार्जर विकणारा सांगतो नवा चार्जर घ्या, रिपेअरवाला सांगतो मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, गेलाय. दोघांपैकी कुणीही बरोबर असू शकतो, म्हणून पैसे काढण्याआधी घरीच थोडी तपासणी करा. आणि त्याच्याही आधी, बॅटरीत जीव आहे तोवर कामाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

सुरुवात भिंतीपासून. सैल सॉकेट असेल तर दुसरं वापरून पाहा. प्लगपासून चार्जरच्या ठोकळ्यापर्यंतची तीन भोकांची जाड वायर बहुतेक चार्जरना सुटी असते आणि स्वस्तात मिळते. ती गेलेली असताना अख्खा चार्जर बदलणारे पुष्कळ. मग चार्जर काढून, लॅपटॉप बंद असताना पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बॅटरी सहज निघणारी असेल तर ती काढून नुसत्या चार्जरवर चालवून बघा. चालला, तर संशय बॅटरीवर.

चार्जरवर दिवा असेल तर तो बरंच सांगतो. नुसता प्लगमध्ये असताना लागतो आणि पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो, तर बहुधा लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद पडतोय. पिन हलवली की चालू-बंद होत असेल तर जॅक, म्हणजे लॅपटॉपचं पिन घालायचं भोक, ढिला आहे किंवा पिनेजवळ वायर आतून तुटली आहे.

मल्टिमीटर असेल तर तो डीसी 200 व्होल्टवर ठेवून चार्जरच्या पिनेवरचे व्होल्ट मोजा. साध्या मीटरची 20 ची रेंज 19.99 लाच संपते आणि 20 व्होल्टचा चांगला चार्जरही तिथे नुसता 1 दाखवतो. आकडा बरोबर आला तरी चार्जर पास झाला असं समजू नका. भार नसताना 19.5 दाखवणारा चार्जर लॅपटॉप जोडल्यावर कोसळू शकतो. टाइप-सी चार्जरवर तर हे मोजणं जवळपास निरुपयोगी, कारण लॅपटॉपने मागितल्याशिवाय तो 20 व्होल्ट देतच नाही. माझ्या मते सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे त्याच पिनेचा, तेवढ्याच व्होल्टचा चार्जर दहा मिनिटं कुणाकडून तरी उसना आणणं.

दोष चार्जरचाच निघाला, तर ओरिजिनल घ्यायचा की कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पण जुळणारा? किमतीत दुप्पट-तिप्पट फरक सहज पडतो. कंपॅटिबल घेणारच असाल तर कंपनीच्या नावाआधी लेबल वाचा. व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. 19.5 व्होल्ट गुणिले 3.34 अँपिअर म्हणजे 65 वॉट. त्याच जागी 45 वॉटचा लावला तर चार्जिंग रखडतं. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि त्यासोबतचा आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बघा. डेलवाल्यांनी मात्र विशेष जपावं. त्यांच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधल्या बारीक काडीतून चार्जरची ओळख जाते. ती पटली नाही तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, वेगही मंदावतो. अशा मॉडेलला मी ओरिजिनलच घेईन. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारं सगळंच कंपनीचं असतं असं नाही, तेव्हा पक्कं बिल आणि वॉरंटी मागा. स्वस्त चार्जर लावल्यावर टचपॅडवर कर्सर उड्या मारू लागला तर तो लगेच परत करा.

लॅपटॉपला टाइप-सीमधून चार्जिंग घेता येत असेल, तर तिसरा आणि बहुतेकांसाठी सगळ्यात शहाणा पर्याय म्हणजे 65 वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरून जास्त वॉट देणारा) चार्जर. उद्या लॅपटॉप बदलला तरी तो वाया जात नाही, फोनलाही चालतो. फक्त 60 वॉटच्या वर जायचं तर केबल 5 अँपिअरची हवी. फोनची कुठलीही केबल नको. जुनी गोल पिन चालत नाही पण टाइप-सीवर लॅपटॉप चार्ज होतो, असं असेल तर जॅकची दुरुस्ती पुढे ढकलता येते. ग्राफिक्स कार्डवाल्या गेमिंग लॅपटॉपला हा सल्ला लागू नाही, त्यांची भूक दीडशे-दोनशे वॉटची.

जॅकच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: तो वायरला जोडलेला सुटा आहे की बोर्डावर सोल्डर केलेला? सुटा असेल तर काम छोटं, भाग बदलला की झालं. सोल्डरचा असेल तर हात चांगला असलेला कारागीर हवा, नाहीतर बोर्डावरचे ट्रॅक उखडतात.

बोर्डाचं काम शेवटी. कंपनीचं सेंटर सहसा अख्खा बोर्ड बदलायला सांगतं, आणि पाच-सहा वर्षांच्या लॅपटॉपला तो खर्च पटत नाही. चिप-लेव्हल दुरुस्ती करणारा कारागीर चार्जिंगच्या भागातला एखादा शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा मॉस्फेट असा बारीक सुटा भाग बदलून तेच काम बरंच स्वस्तात करू शकतो. त्याच्याकडे देताना तीन गोष्टी आधी ठरवा: तपासणीचे पैसे किती, दुरुस्त झाला नाही तर किती, आणि त्याच बिघाडाची वॉरंटी किती दिवसांची. तुमच्या फाइल्स जिच्यात असतात ती एसएसडी निघत असेल तर काढून घरीच ठेवा.