ब्लिंक, गेको, वेबकिट: नव्या मानकांवर काही महिने काम केल्यानंतरचा अनुभव

हा अनुभव एका फॉर्मबहुल वेब ॲपचा आहे. त्यात लांबलचक फॉर्म, कार्डांच्या याद्या, मेनू, संवादखिडक्या आणि अर्धवट भरलेले मसुदे जपून ठेवण्याची सोय आहे. गेले काही महिने ते ब्लिंक (क्रोम, एज), गेको (फायरफॉक्स) आणि वेबकिट (सफारी) या तिन्ही इंजिनांवर (पान वाचून पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) रोज चालतं आहे. जिथे शक्य तिथे लायब्ररी (इतरांचा तयार कोड) टाळून वेबची नवी मानकंच (सगळ्या ब्राउझरांसाठी ठरवलेल्या सोयी) वापरली आहेत. "कुठलं इंजिन पुढे" या प्रश्नाचा रोजच्या कामात फारसा उपयोग होत नाही, असं आता ठाम मत आहे. उपयोग होतो तो दोन प्रश्नांचा: वापरणाऱ्यांकडे असलेली सर्वांत जुनी आवृत्ती कोणती, आणि एखादी सोय तिथे नसेल तर पान नेमकं कसं मोडतं?

आघाडी कुणा एकाकडे नसतेच. सबग्रिड (आतल्या जाळीने बाहेरच्या जाळीच्या रांगा-स्तंभ वापरणं) फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०१९ मध्ये आलं (आवृत्ती ७१), क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये (११७). हॅज सिलेक्टर (आत काय आहे त्यावरून पानाचा भाग निवडणारी खूण) आधी सफारी १५.४ ने दिला, मार्च २०२२ मध्ये. क्रोम १०५ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं आणि फायरफॉक्स १२१ डिसेंबर २०२३ मध्ये. अँकर पोझिशनिंग (एका घटकाची जागा दुसऱ्या घटकाला बांधणं) क्रोम १२५ मध्ये मे २०२४ ला आलं, सफारीने ते २६ व्या आवृत्तीत दिलं, फायरफॉक्सने १४७ मध्ये. (सफारीचा आकडा १८ वरून थेट २६ वर गेला आहे, मधल्या आवृत्त्या शोधत बसू नका.) तारीख-वेळेसाठीचं टेम्पोरल मात्र आधी फायरफॉक्स १३९ मध्ये मिळालं. त्यामुळे "सफारी मागे" किंवा "फायरफॉक्स मागे" असं सरसकट बोललं जातं, त्यात अर्थ नाही. कुठल्या सोयीबद्दल बोलतोय, ते आधी सांगायला हवं.

जुन्या आवृत्त्यांचं गणित मात्र तिघांचं वेगळं आहे आणि खरा त्रास तिथेच होतो. क्रोम आणि फायरफॉक्स दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतात आणि ती बहुतेकांकडे आपोआप पोचते. पण विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ लाच थांबलं. त्या १०९ मध्ये हॅज आणि कंटेनर क्वेरी (भोवतालच्या चौकटीच्या मापावरून रूप बदलणं) आहेत. नेस्टिंग, म्हणजे नियमाच्या आत नियम लिहिणं (११२), पॉपओव्हर, म्हणजे पानावर तरंगणारी छोटी खिडकी (११४) आणि सबग्रिड (११७) नाहीत. त्याच जुन्या विंडोजवर फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची शाखा चालते. तिच्यात सबग्रिड आणि कंटेनर क्वेरी आहेत, पण हॅज आणि नेस्टिंग नाहीत. म्हणजे एकाच जुन्या संगणकावर दोन ब्राउझर दोन वेगळ्या जागी उघडे पडतात. आयफोनवर सफारीचं इंजिन सिस्टमबरोबरच बदलतं. ज्या फोनला पुढचं आयओएस मिळत नाही, त्याचं वेबकिटही तिथेच थांबतं आणि दुसरा ब्राउझर टाकून फरक पडत नाही, कारण आयओएसवर क्रोम आणि फायरफॉक्सही वेबकिटवरच चालतात. युरोपीय संघात आयओएस १७.४ पासून, म्हणजे मार्च २०२४ पासून, इतर इंजिनांना मुभा आहे. जपानमध्येही आयओएस २६.२ पासून तशी मुभा आहे. बाकी जगात हाच नियम धरून चला.

यातून एक सवय लावून घ्यावी. तक्रार आली की ब्राउझरचं नाव नाही, युजर एजंटची (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती) पूर्ण ओळ मागवायची. तिच्यात "क्रिओएस" दिसलं तर ते आयफोनवरचं क्रोम, म्हणजे वेबकिट. "एफएक्सआयओएस" म्हणजे आयफोनवरचा फायरफॉक्स, तोही वेबकिटच. "क्रोममध्ये बिघडतंय" एवढ्यावर विसंबून डेस्कटॉप क्रोममध्ये बग शोधला तर तो कधीच सापडणार नाही. आयपॅडची सफारी तर मूळ सेटिंगमध्ये स्वतःला मॅक म्हणवते. तिथे स्पर्शबिंदूंची संख्या तपासावी लागते.

आता मोडतं कसं, त्याकडे. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) न समजलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो, म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण सिलेक्टरच्या यादीत हा नियम उलटा फिरतो. "कार्डावर होव्हर (माउस वर आणणं), किंवा हॅजने शोधलेलं फोकस असलेलं कार्ड" असे दोन सिलेक्टर स्वल्पविरामाने एकाच नियमात लिहिले, तर फायरफॉक्स ११५ संपूर्ण नियम टाकून देतो. होव्हरही जातो, जो वर्षानुवर्षं चालत होता. उपाय साधा आहे: हॅजचा नियम वेगळा लिहा, किंवा दोन्ही सिलेक्टर इज किंवा व्हेअर या सिलेक्टरच्या कंसात घाला. या दोघांमधली यादी क्षमाशील असते. न समजलेला सिलेक्टर तेवढा गळतो, बाकीचे चालतात.

नेस्टिंगमध्ये याहून फसवी गोष्ट आहे. क्रोम ११२ आणि सफारी १६.५ मध्ये नेस्टिंग आलं, पण आतला सिलेक्टर थेट टॅगच्या नावाने सुरू करायची मुभा क्रोमने १२० मध्ये आणि सफारीने १७.२ मध्ये दिली. फायरफॉक्समध्ये ती पहिल्यापासून, ११७ पासूनच होती. मधल्या आवृत्त्यांत "नेस्टिंग येतं का" असं ॲट-सपोर्ट्सने (सोय आहे का ते विचारणाऱ्या सीएसएसच्या नियमाने) विचारलं तर उत्तर "हो" मिळतं आणि तुमचा परिच्छेदाचा नियम तरीही गळतो. टॅगच्या आधी अँपरसँड (&) लिहिण्याची शिस्त ठेवली की प्रश्न मिटतो. फ्लेक्स मांडणीतल्या गॅपचंही (घटकांमधल्या अंतराचंही) असंच झालं होतं: सफारी १४.१ च्या आधी गॅप फक्त ग्रिडमध्ये चालत होता, पण ॲट-सपोर्ट्सला प्रॉपर्टी ओळखीची असल्याने तो "हो" म्हणायचा. ॲट-सपोर्ट्स व्याकरण तपासतो, वागणूक नाही. हे ध्यानात ठेवूनच त्याच्यावर भिस्त ठेवावी.

जावास्क्रिप्टमध्ये मोडणं गुपचूप नसतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रातलं) लुकबिहाइंड, म्हणजे नमुन्याच्या आधी काय आहे ते पाहणं, सफारीत १६.४ ला, मार्च २०२३ मध्ये आलं. त्याआधीच्या सफारीत असं एक्स्प्रेशन थेट कोडमध्ये लिहिलेलं असेल तर ती व्याकरणाची चूक ठरते आणि अख्खी फाइल चालत नाही. सगळा कोड एकाच बंडलमध्ये (जोडून केलेल्या एका फाइलमध्ये) असेल तर पान कोरं. बाबेल (नवा कोड जुन्या ब्राउझरांसाठी बदलून देणारं साधन) याचं रूपांतर करत नाही, त्यामुळे "आपण बाबेल वापरतो" हे उत्तर पुरत नाही. हे एक्स्प्रेशन बहुधा तुमच्या कोडमध्ये नसतंच, एखाद्या लायब्ररीच्या पोटात असतं. तयार बंडलमध्ये कंस-प्रश्नचिन्ह-लहानचिन्ह हा क्रम शोधा, पुढे बरोबरचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल ते लुकबिहाइंड. शक्य तिथे कॅप्चर गट वापरून ते लिहा. नाहीतर एक्स्प्रेशन स्ट्रिंगमधून बांधा आणि ट्राय-कॅचमध्ये (चूक पकडणाऱ्या कोडमध्ये) ठेवा, म्हणजे चूक झाली तरी तेवढ्यापुरतीच राहते.

वेबकिटवर सर्वाधिक वेळ गेला, आणि तो सोयी नसल्यामुळे नाही, आयफोनवर त्या वेगळ्या वागतात म्हणून गेला. पूर्ण उंचीच्या पडद्याला १०० व्हीएच (उंचीचे शतांश मोजणारं एकक) दिलं की खालचं बटण पत्त्याच्या पट्टीमागे जातं, कारण आयफोनवर व्हीएच पट्टी मिटलेल्या अवस्थेतली उंची धरतो. आधी व्हीएचची ओळ, तिच्याखाली डीव्हीएचची (त्या क्षणी दिसणाऱ्या उंचीची) ओळ द्या. जुना ब्राउझर दुसरी सोडून देतो. डीव्हीएच स्क्रोलबरोबर बदलतो आणि मजकूर हलतो, म्हणून कायम दिसायला हव्या त्या भागाला एसव्हीएच (पट्टी उघडी असतानाची उंची) बरा. कीबोर्ड उघडल्यावर यातलं कुठलंच एकक कमी होत नाही. क्रोम १०८ पासून व्ह्यूपोर्ट मेटामध्ये (पानाच्या मापाबद्दलच्या टॅगमध्ये) कीबोर्डसाठी वेगळी सूचना देता येते. सफारी ती वाचत नाही, तिथे व्हिज्युअल व्ह्यूपोर्टची (प्रत्यक्ष दिसणाऱ्या भागाची) उंची मोजून तळाची पट्टी वर उचलावी लागते.

पॉपओव्हर हे "तक्त्यात टिक आहे म्हणजे चालतं असं नाही" याचं सर्वांत चांगलं उदाहरण. क्रोम ११४, सफारी १७ आणि फायरफॉक्स १२५ एवढं पाहून एप्रिल २०२४ पासून ते सगळीकडे आहे असं वाटतं. प्रत्यक्षात आयफोनवर बाहेर टॅप केल्यावर पॉपओव्हर बंदच होत नव्हतं. ते जानेवारी २०२५ च्या १८.३ मध्ये दुरुस्त झालं. म्हणून प्रत्येक पॉपओव्हरच्या आत "बंद करा" बटण द्यावं, पॉपओव्हर-टार्गेट-ॲक्शनला "हाइड" लावून. स्क्रिप्टची गरज नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही ते हवंच असतं.

मसुद्यांच्या बाबतीत सफारीची साठवणीची मर्यादा जपून वाचावी. सफारी १३.१ पासून, म्हणजे २०२० पासून, ब्राउझर वापरात असलेल्या ७ दिवसांत वापरणाऱ्याने साइटवर काहीच केलं नाही, तर लोकल स्टोरेज आणि इंडेक्स्ड डीबी या ब्राउझरमधल्या साठवणींसकट स्क्रिप्टने लिहिलेलं सगळं पुसलं जातं. सुटीवरून परत आलेल्या माणसाचा अर्धा फॉर्म असाच नाहीसा होतो. होम स्क्रीनवर टाकलेल्या ॲपला ही मर्यादा तशी लागू नाही. पण वापरणाऱ्याने ते टाकलं असेलच असं गृहीत धरू नका. मसुदा सर्व्हरवर ठेवा आणि ब्राउझरमधली प्रत तात्पुरती माना. वेब पुशही (साइटकडून फोनवर येणाऱ्या सूचना) आयओएस १६.४ पासून फक्त होम स्क्रीनवरच्या ॲपलाच मिळतं, आणि परवानगी बटण दाबल्यावरच मागता येते.

गेकोबद्दल लिहायला कमी आहे, आणि हे त्याचं कौतुकच आहे. सोय कधी उशिरा येते, पण आली की मानकात लिहिल्याप्रमाणे वागते. ग्रिड आणि फ्लेक्स तपासायची त्याची साधनं आजही सगळ्यांत आवडती आहेत.

ब्लिंकचा धोका उलट आहे: तिथे सगळं चालतं. वेब यूएसबी, वेब ब्लूटूथ, वेब सीरियल (पानाला थेट उपकरणांशी जोडणाऱ्या सोयी) क्रोममध्ये सहज चालतात. ॲपलने मात्र ओळख पटवून माग काढण्याच्या आणि सुरक्षेच्या कारणांवरून ती नाकारली आहेत आणि मोझिलाचाही वेब यूएसबी-ब्लूटूथला विरोध आहे. याला मागासलेपण म्हणणं अन्यायाचं आहे, तो विचारपूर्वक घेतलेला नकार आहे. त्यामुळे ॲपचा कणा अशा सोयीवर उभारू नये. वेब जीपीयू (पानातून ग्राफिक्स चिप वापरण्याची सोय) क्रोम ११३ पासून आहे, पण त्याचा ऑब्जेक्ट सापडला तरी ॲडाप्टर (त्या चिपचा प्रतिनिधी) मागितल्यावर नल (रिकामं उत्तर) मिळू शकतो, कारण ग्राफिक्स चिप किंवा ड्रायव्हर नाकारलेल्या यादीत असतो. तपासणी ॲडाप्टर हातात येईपर्यंत न्यावी आणि वेबजीएल २ ची जुनी वाट खुली ठेवावी.

निर्णयासाठी बेसलाइनचे (सोय कुठवर पोचली ते सांगणाऱ्या वर्गवारीचे) दोन टप्पे पुरेसे पडतात. प्रमुख ब्राउझरांत सोय आली की ती "नव्याने उपलब्ध", आणि त्यानंतर ३० महिन्यांनी "सर्वत्र उपलब्ध". दुसऱ्या टप्प्यातलं बेधडक वापरावं. पहिल्या टप्प्यातलं तेव्हाच, जेव्हा ते नसताना पान फक्त साधं दिसेल, बंद पडणार नाही. चाचणीसाठी प्लेराइटचं (आपोआप चाचणी घेणाऱ्या साधनाचं) वेबकिट दर बदलानंतर चालवण्यासारखं आहे, लेआउटच्या बऱ्याच चुका ते पकडतं. पण ती सफारी नव्हे: पत्त्याची पट्टी, कीबोर्ड, साठवणीचे नियम आणि मीडिया कोडेक त्यात तसे नसतात. प्रकाशनाआधी खऱ्या आयफोनवर, मॅकच्या वेब इन्स्पेक्टरला जोडून, एक फेरी अटळ आहे.

किरकोळ पण वारंवार लागणारं: यूजर-सिलेक्टला (मजकूर निवडता येतो का ते ठरवणाऱ्या प्रॉपर्टीला) सफारीत अजूनही वेबकिट उपसर्ग हवा. बॅकड्रॉप-फिल्टरला (मागचा भाग धूसर करणाऱ्या प्रॉपर्टीला) तो सफारी १८ च्या आधीपर्यंत लागत होता, म्हणून दोन्ही ओळी ठेवा.

सध्या व्ह्यू ट्रान्झिशन (दृश्य बदलतानाचं ॲनिमेशन) बिनधास्त लावलं आहे. एकाच पानातलं रूप क्रोम १११, सफारी १८ आणि फायरफॉक्स १४४ मध्ये आहे. जिथे नाही तिथे फंक्शन आहे का ते पाहून बदल थेट करायचा, ॲनिमेशन तेवढं जातं. अँकर पोझिशनिंग मात्र मेनूसाठी अजून एकट्याने वापरलेलं नाही. आधी साध्या ॲब्सोल्यूट पोझिशनने मेनू बटणाखाली बसवलेला आहे, आणि अँकरचे सगळे नियम ॲट-सपोर्ट्सच्या आत आहेत. जुन्या सफारीत मेनू पडद्याच्या कडेला थोडा कापला जातो, पण उघडतो आणि निवड करता येते.